मामाची बिली

माझा मामा 74 वर्षांचा आहे आणि त्याला बिली आयलिश आवडते. घरात कोणी लावली तर ऐकून घेतो, इतपत नव्हे. दुपारचं जेवण झालं की तो वायरचे हेडफोन कानाला लावतो (बिनवायरचे त्याला चालत नाहीत, त्यावर स्वतंत्र व्याख्यान आहे), आरामखुर्चीत मागे रेलतो आणि लॉस एंजेलिसच्या या मुलीचा अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मध्ये फोन वाजला तर उचलत नाही. त्यानं उभी हयात आकाशवाणीत ध्वनिअभियंता म्हणून काढली. रेकॉर्डिंग चालू असताना दार उघडणाऱ्याकडे तेव्हा ज्या नजरेनं बघत असेल, त्याच नजरेनं तो आता चहा घेऊन आलेल्या मामीकडे बघतो.

मी गाणं शिकवते. ख्याल, आणि पोटापाण्यासाठी म्हणा की हौसेनं म्हणा, नाट्यगीत. बिलीचं गाणं मला आवडत नाही. खरं म्हणजे ते मला गाणंच वाटत नाही. यावरून आमचं बरेचदा वाजतं. त्यातलं एका दुपारचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देते. मामाच्या तोंडचे तांत्रिक शब्द जमेल तिथे गाळलेत. वाचल्यावर तो चिडणार आहे.

मी : मामा, खरं सांग. ही मुलगी गाते की पुटपुटते?

मामा : पुटपुटते. मग?

मी : मग काय? पुटपुटण्याला गाणं म्हणायचं?

मामा : तुझ्या डोक्यात शेवटची रांग बसलीय. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे ही नाटकवाल्यांची अट. बालगंधर्व उमेदीत उभे राहायचे तेव्हा पुढे माईक नव्हता. बाजूला ऑर्गन, तबला, सारंगी आणि समोर गच्च भरलेलं थिएटर. पिटातल्या माणसानं पैसे मोजलेत, त्याला ऐकू आलं नाही तर तो गप्प बसणार नाही. तिथे फेक हवीच. हिच्यापुढे थिएटर नाही. चार बोटांवर माईक आहे आणि माईकच्या पलीकडे एक माणूस आहे. एकच.

मी : लाखो माणसं आहेत म्हण.

मामा : लाखो असतील, पण ऐकतात एकेकटी. बसमध्ये, पांघरुणात, हेडफोन घालून. कानाशी बोलणाऱ्यानं ओरडायचं कशाला?

मी : म्हणजे माईक काढून घेतला की गाणं संपलं. माझा आक्षेप हाच आहे. पहिल्या रांगेत बसलेल्यालासुद्धा काही कळायचं नाही.

मामा : बरोबर. बासरीवाल्याची बासरी काढून घेतली की त्याचंही संपतं. माईक हे तिचं वाद्य आहे. आणि ते वाजवायला येतं तिला, हे मी सांगतोय. तुझ्या आयुष्यात माईकसमोर बसलेली किती माणसं बघितलीस तू?

मी : एकही नाही. तू आम्हाला स्टुडिओत कधी येऊच दिलं नाहीस.

मामा : नियम होता. आता ऐक. दिशा धरणारा माईक असतो ना, त्याच्या जितकं जवळ जावं तितका आवाजातला खर्ज फुगतो. तो त्या माईकचा स्वभाव. नवखा माणूस जवळ गेला की आवाज घोगरा, ढब्बू होतो. ‘प’ आणि ‘भ’ म्हटलं की हवेचा धपका बसतो. ‘स’ शिट्टीसारखा टोचतो. ओठांची, जिभेची चुटचुट ऐकू येते, ती तर अगदी किळसवाणी. म्हणून आम्ही लोकांना सांगायचो, वीतभर लांब बसा, तोंड जरा तिरकं ठेवा. ही पोरगी वीतभर लांब बसत नाही. अगदी ओठाशी गाते आणि यातलं एकही होऊ देत नाही. शब्द कुठे सोडायचा, श्वास कुठे माईकवर टाकायचा आणि कुठे बाजूला, याचा हिशोब तिच्या अंगात मुरलाय. तुझ्या तानेइतकी मेहनत आहे त्यात.

(इथे मी “तानेइतकी?” असं किंचाळले. ते माझ्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असावं, कारण मामी आतून बाहेर आली.)

मामा : तुला वाटतं हे भांडण आज सुरू झालं. 1925च्या सुमाराला विजेवर चालणाऱ्या माईकनं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गाणारा कर्ण्यात तोंड घालून ओरडायचा. गौहरजाननं 1902 साली कलकत्त्यात तशाच कर्ण्यात गाऊन तबकड्या भरल्या. माईक आला आणि अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे लोक हळू गायला लागले, कुजबुजल्यासारखे. लोक खूळ लागल्यासारखे ऐकायला लागले. तर 1932 साली बोस्टनचे कार्डिनल जाहीरपणे या गाण्यावर तुटून पडले. हे पुरुषासारखं गाणं नव्हे, नीतीला सोडून आहे वगैरे. त्यांचं आडनाव माहितेय? ओकॉनेल.

मी : बरं मग?

मामा : बिलीचं आडनावही ओकॉनेल. बिली आयलिश पायरेट बेअर्ड ओकॉनेल. पायरेट म्हणजे समुद्री चाचाच. आई-बापांनी हौसेनं ठेवलंय.

मी : यातून काय सिद्ध होतं?

मामा : काहीच नाही. मला मजा वाटली. पण हळू गाण्याचं म्हणशील तर ते आपल्याकडेही झालंच. ना. घ. देशपांड्यांची कविता जी. एन. जोशींनी तबकडीवर गायली, गजाननराव वाटवे आले, आणि नाट्यगीताच्या कानांना ते सपक वाटलं. ताना कुठायत? फिरत कुठाय? पुढे अरुण दातेंचं ‘शुक्रतारा’ रेडिओवरून घराघरात गेलं. तो आवाज नाटकाच्या थिएटरात माईकशिवाय उभा कर बघू. त्या आवाजाची जागा माईकसमोर होती आणि संगीतकार खळ्यांनी ती बरोब्बर ओळखली. लताबाईंचा आवाज फार पातळ म्हणून निर्माते शशधर मुखर्जींनी नाकारला होता, हा किस्सा तूच तुझ्या विद्यार्थ्यांना सांगतेस.

मी : हे बघ, तिची लताबाईंशी तुलना करू नकोस.

मामा : तिची नाही करत. तुझी करतोय, मुखर्जींशी.

मी मुद्दा बदलला. शहाणा माणूस अशा वेळी तेच करतो.

मी : लताबाई एका दमात, वादकांच्या ताफ्याबरोबर अख्खं गाणं गायच्या. एक चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. ही काय करते? भावाच्या खोलीत बसून एक ओळ पन्नासदा म्हणते आणि तो त्यातले बरे तुकडे वेचून जोडतो. तूच तो माहितीपट दाखवलास मला.

मामा : ‘द वर्ल्ड्स अ लिटल ब्लरी’, 2021चा. हो, जोडतो. फिनियस त्याचं नाव. आणि आम्ही काय करत होतो? स्पूलवरची टेप यंत्राच्या हेडसमोर मागेपुढे फिरवायची, चुकीची जागा कानानं शोधायची, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका काप द्यायचा आणि पट्टीनं चिकटवायचं. तिरका अशासाठी की जोड ऐकू येऊ नये. मोठमोठ्या लोकांच्या भाषणांतले खोकले मी कापलेत. गाणाऱ्यांचे श्वासही कापायचो. वरिष्ठांना श्वास ऐकू आलेला चालायचा नाही. गाणं कसं स्वच्छ हवं, धुतल्या तांदळासारखं.

मी : मग आता तुला श्वासाचं इतकं कौतुक का?

मामा : कारण ती मुलं श्वास ठेवतात. नुसता ठेवत नाहीत, वाढवतात. त्या पहिल्या मोठ्या अल्बमची सुरुवात कशानं होते? दात सरळ करायची ती प्लास्टिकची पट्टी असते ना, ती तोंडातून काढताना लाळेचा जो ओला आवाज येतो, त्यानं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात आपोआप फेडर ओढायला पुढे आला. तीस-पस्तीस वर्षं ज्या आवाजाशी मी लढलो, तो या मुलीनं दारातच उभा केलाय. आणि मग दोघं भाऊबहीण हसतात.

मी : किळस नाही आली?

मामा : आली. आणि मग लक्षात आलं की आता मी सावध होऊन ऐकतोय. गाणं सुरू व्हायच्या आधी माझा कान तिनं पकडला होता.

त्याला ही ओळख कशी झाली, हे इथेच सांगायला हवं. नातीमुळे वगैरे नाही. नातीनं बिली केव्हाच सोडली, तिचं आता कोरियन चालू आहे. झालं असं की 2020च्या ग्रॅमी पुरस्कारांत, 26 जानेवारीला, या मुलीनं वर्षातला अल्बम, रेकॉर्ड, गाणं आणि नवा कलाकार हे चारही मोठे पुरस्कार एका रात्रीत घेतले. वय 18. असं आधी एकदाच, 1981 साली ख्रिस्तोफर क्रॉसच्या बाबतीत झालं होतं. मामाला त्याचं काही वाटलं नाही. त्याला खटकली ती बातमीच्या तळाशी असलेली ओळ : ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक कामगिरीचा पुरस्कारही याच अल्बमला, आणि तो ध्वनिमुद्रित झाला होता हायलंड पार्क भागातल्या एका छोट्या घरातल्या निजायच्या खोलीत.

मामा : मला राग आला. दुहेरी दारं, भिंतींना भोकांच्या फळ्या, जमिनीखाली रबर, एवढं सगळं करून आम्ही जन्म घालवला आणि ही पोरं पलंगावर मांडी घालून बसतात? चुका काढायलाच ऐकायला घेतलं. मग डोक्यात आलं, गादी, उशा, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट. आवाज गिळायला याहून चांगलं काय असतं? ओठाशी माईक असला की खोली फारशी येतच नाही त्यात. आणि दुसरं, ती घरात आहे. आमच्या स्टुडिओत लाल दिवा लागला की भल्याभल्यांचा घसा कोरडा पडायचा. पाणी पी, खाकर, पुन्हा घे. ही घरच्या कपड्यांत गातेय, भाऊ समोर आहे, आई स्वयंपाकघरात आहे. तो निवांतपणा टेपवर येतो. विकत मिळत नाही तो.

मी : आवाजाच्या करामती मला मान्य आहेत. पण तू गाणं ऐकतच नाहीयेस, मामा. तू ध्वनिमुद्रण ऐकतोयस. पेन्शनर सुतार दुसऱ्याच्या घरी जाऊन कपाटाचे सांधे बघतो, तसं.

मामा थोडा वेळ गप्प राहिला. हा घाव बसला, असं मला वाटलं. पण तो हेडफोनची वायर गुंडाळत होता.

मामा : सुरुवातीला सांधेच बघत होतो. ‘बॅड गाय’मध्ये मागे एक टकटक वाजते. ती ऑस्ट्रेलियात रस्ता ओलांडायच्या सिग्नलची आहे. सिडनीत तिनं फोनवर टिपली आणि भावानं तिचा ताल केला. ‘बरी अ फ्रेंड’मध्ये दाताच्या डॉक्टरांचं ड्रिल आहे, तिच्याच दातांवर चाललेलं. मी हसलो ऐकून. नभोनाट्यात आम्ही दुसरं काय करत होतो? नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा. सेलोफेनचा कागद चुरगाळला की वणवा. पत्र्याची मोठी चादर हलवली की गडगडाट. पावसाळ्यात खरा गडगडाट टेप करायला गेलो तर तो खोटा वाटायचा. आमचे हे उद्योग नाटकापुरते असायचे. यांनी ते गाण्यात आणले.

मी : आणि गाणं?

मामा : ‘झॅनी’ ऐकलंस?

मी : तू ऐकवलंस. स्पीकर फाटला होता.

मामा : मलाही तसंच वाटलं. हेडफोनची पिन काढली, पुसली, परत घातली. पुन्हा तेच. मग कळलं, तो आवाज मुद्दाम फाडलाय. आजूबाजूचे सगळे धूर सोडतायत, गोळ्या घेऊन गुंगलेत आणि ही एकटी शुद्धीवर बसलीय, असं ते गाणं आहे. तिचं स्वतःचं बोलणं शांत, जुन्या जॅझसारखं. आणि ध्रुवपदाला तिच्या आवाजावर तो धूर येऊन बसतो. गाण्याचा अर्थ आवाजानंच सांगितलाय. यात सांधा कुठला आणि गाणं कुठलं, तूच वेगळं करून दाखव.

मी : 17-18 वर्षांच्या मुलीनं गोळ्या, भुतं, मरण याखेरीज काही गाऊ नये का? सगळ्या अल्बमभर दुःस्वप्नं. आमच्या क्लासमधल्या मुलींची तोंडं आधीच उतरलेली असतात.

मामा : भावगीतात काय पेढे वाटतात? आपल्या तरुणपणच्या निम्म्या गाण्यांत कोणीतरी सोडून गेलेलं आहे, उरलेल्यांत जाणार आहे. गणपतीत मांडवात बसून आपण ती ऐकली आणि नंतर भेळ खाल्ली. पोरांना दुःख गाण्यातून लागत नाही गं. असलेल्याला शब्द मिळतो.

हे उत्तर मला तेव्हाही अपुरं वाटलं, आताही वाटतं. भावगीतातली माणसं चांदण्यात रडायची आणि सकाळी कामाला लागायची. या गाण्यांत सकाळ होतच नाही. पण मामाशी बोलताना एका मुद्द्यावर फार अडून बसलं की तो चहा मागतो, म्हणून मी पुढे गेले. माझा खरा मुद्दा राहिलाच होता.

मी : माझी कसोटी वेगळी आहे. गाणं दुसऱ्याच्या तोंडी टिकतं का? 1955च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. 56 गाणी. पुढचे कित्येक महिने लोक वही-पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसले, शब्द उतरवले, आणि चुलीपुढे, झोपाळ्यावर, शाळेत ती म्हटली गेली. बाबूजींच्या आवाजाची सर कुणाला नव्हती, तरी चाल उभी राहायची. तुझं ते ‘बॅड गाय’ मला म्हणून दाखव. आत्ता, इथे, काही न वाजवता.

मामा : (म्हणायचा प्रयत्न करून) नाही जमत.

मी : कारण त्यात म्हणण्यासारखं काही नाही! खालचा ठेका काढला की उरतं काय? चार सुरांत बडबड.

मामा : ‘बॅड गाय’बद्दल मान्य. ते गाणं म्हणजे तो ठेकाच आहे. खालचा बास काढला तर सांगाडाही उरत नाही. आणि त्या पहिल्या अल्बममधली अजून दोन-तीन तशीच आहेत. पण ‘ओशन आइज’ घे. नाचाच्या सरांनी नाच बसवायला गाणं मागितलं, भावाकडे त्याच्या बँडसाठी लिहिलेलं एक पडून होतं, ते हिनं गायलं आणि 2015 साली इंटरनेटवर टाकलं. तेव्हा ती 13 वर्षांची होती. त्याची चाल पेटीवर काढून बघ. सरळ, लांब सुरांची चाल आहे. आणि तुला वाटतं तशी ती बिनशिक्षणाचीही नाही. आठव्या वर्षापासून लॉस एंजेलिसच्या मुलांच्या कोरसमध्ये गायलीय. घरीच शिक्षण, आई-वडील दोघंही नट, छोटी छोटी कामं करणारे.

मी : कोरसमध्ये गायलीय?

मामा : तुला कोणी सांगितलं नाही ते. सांगणार कोण, तू कुणाला बोलूच देत नाहीस. 2024च्या अल्बममध्ये ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’च्या शेवटाला मोकळा गळा लावलाय, वरच्या सुरांवर. म्हणजे तो होता. आधी लावला नाही, कारण गाण्याला नको होता. मला वाटतं, हातात असून न वापरणं जास्त अवघड.

मी : किंवा आधी येत नव्हता आणि आता मेहनत करून आला.

मामा : तसंही असेल. मग तर रियाज म्हण की त्याला!

(हा डाव त्याचा. मी पेटीवर ‘ओशन आइज’ काढून बघितलं की नाही, हे या लेखात सांगायचं कारण नाही.)

मी : लोकप्रियतेचं काय? इतक्या लोकांना जे आवडतं ते शंभर माणसांच्या बुद्धीचा बाजार असतं. कपडे कसे घालायचे, केस कधी हिरवे करायचे, कधी पांढरे करायचे, सगळं ठरवून. स्वतःच म्हणाली ना, कलाकार एकाच अल्बमच्या इतक्या वेगवेगळ्या तबकड्या काढतात ती नासाडी आहे? आणि मग स्वतःचाच अल्बम कितीतरी रंगांत काढला.

मामा : काढला. पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या होत्या म्हणे. पण रंग ते रंगच. तिथे मी तिची बाजू घेणार नाही. तिकिटांचे दर बघितलेस तर तुझी वर्षाची फी होईल. बाजार आहेच. पण लोकप्रियतेवर कुणी बोट ठेवलं की मला केसकर आठवतात. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. नभोवाणी मंत्री, आपला मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा खरा दर्दी. 1952 साली सिनेमाची गाणी सवंग म्हणून आकाशवाणीवरून हटवली. काय झालं? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. बिनाका गीतमाला तिथे मोठी झाली. 1957 साली विविध भारती काढावी लागली. ज्या गाण्यांना सवंग म्हटलं, ती आज तू मैफलीच्या शेवटी म्हणतेस, लोक फर्माईश करतात म्हणून. आणि हार्मोनियम! तुझ्या मांडीवर असते ती पेटी. 1940 साली आकाशवाणीवर बंद केली होती, आपल्या संगीताला शोभत नाही म्हणून. तीसेक वर्षं ती बंदी चालली.

मी : पेटीवरचा आक्षेप सुरांचा होता. श्रुती लागत नाहीत, मींड येत नाही. तो आजही खरा आहे.

मामा : अगदी खरा. म्हणून पेटी गेली का? तेच सांगतोय. आक्षेप खरा असूनही वस्तू चांगली असू शकते. बिली पुटपुटते हे खरं. पुढे बोल.

मी : पुढे हे की तुला तरुण वाटायचंय. बाकी सगळे म्हातारे नामसंकीर्तनाच्या क्लिपा पुढे ढकलतात, आपण वेगळे. भिशीत सांगायला बरं.

मामा : भिशीत सांगितलं तर ते मला डॉक्टरांकडे नेतील. नाही गं. उलट सांगतो. तिच्या वयाच्या पोरांना ती आवडते तेव्हा त्यांना तिच्यासारखं व्हायचं असतं. ढगळ कपडे, ते केस, ती नजर. ती स्वतःही तशीच होती. जस्टिन बीबर म्हणजे तिचा देव. 2019 साली कोचेलाला तो समोर आला तर तिला हलता येईना, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तू किशोरीताईंच्या मैफलीनंतर ग्रीनरूमच्या दाराशी काय केलं होतंस?

मी : ते वेगळं होतं.

मामा : असेल. मला यातलं काही नकोय. मला तिच्यासारखं व्हायचं नाही, तिचा फोटो लावायचा नाही, ती दहा वर्षांनी टिकेल की नाही याची काळजी नाही. तेव्हा मी बघायला असेनच असं नाही. लहानपणी आवडीनिवडीवरून माणूस ओळखला जातो, म्हणून आपण जपून आवडतो. तू अजून जपून आवडतेस, कारण तुझा क्लास आहे. माझा क्लास नाही. मला आता काही आवडलं तर ते फक्त आवडतं.

मी : आणि शब्द? तिकडच्या पोरांच्या बोलीतले निम्मे शब्द तुला कळत नाहीत.

मामा : काही कळत नाहीत. नातीला विचारतो, ती डोळे फिरवते. पण ‘व्हॉट वॉज आय मेड फॉर?’ला विचारावं लागलं नाही. 2023च्या ‘बार्बी’ सिनेमाचं. त्यावर तिला दुसरं ऑस्कर मिळालं, 2024 साली. पहिलं जेम्स बाँडच्या गाण्याला, 2022 साली. 22व्या वर्षी दोन ऑस्कर, इतक्या लहान वयात आजवर कुणाला मिळालेली नाहीत. ते जाऊ दे. एका बाहुलीचं गाणं आहे. आपण नेमके कशाला, असं ती बाहुली विचारतेय. निवृत्तीनंतर पहिल्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी बूट घालून दारात उभा होतो, तुझी मामी साक्षीला आहे. प्लास्टिकच्या बाहुलीचा प्रश्न मला कळायला नातीची गरज नाही पडली.

मामी : (आतून) बूट नव्हते. चपला होत्या.

मामा : चपला होत्या.

त्यावर मी काही बोलले नाही. पण हे गाणं त्यानं काढलंच, तेव्हा मला जे सांगायचं नव्हतं ते सांगावं लागलं. माझ्याकडे अकरावीतली एक मुलगी शिकते. गळा गोड, वरचा षड्ज कच्चा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिला हेच गाणं म्हणायचंय. मी नाही म्हटलं होतं. दोन वर्षं माझ्याकडे शिकून स्टेजवर पुटपुटणार असेल तर लोक मला विचारतील.

मामा : नाही म्हटलंस? हेच गाणं?

मी : हेच. सगळं गाणं वरच्या पट्टीत, आणि तेही दबक्या आवाजात. जोर लावून वर जायला तिला येतं, पण तिथे घसा पकडून बसते. हळू, कोवळा आवाज ठेवून वर राहायचं म्हणजे श्वासावर पूर्ण ताबा हवा. तो तिच्याकडे नाही. सूर थरथरतो, उतरतो.

मामा : म्हणजे अवघड आहे म्हणतेस.

मी : अवघड आहेच. मी कधी सोपं म्हटलं?

मामा : दोन वाजल्यापासून म्हणतेयस!

मी : गाणं अवघड आहे, असं नाही म्हटलं मी. हळू सूर लावणं अवघड आहे. त्यात फरक आहे.

मामा : असेल, असेल. साथीला काय?

मी : तिची मैत्रीण पियानो वाजवते. म्हणजे सिंथेसायझर.

मामा : नुसता पियानोच ठेव. बाकी काही नको. ऑस्करच्या समारंभात फिनियसनं पियानोवरच साथ केली होती, मागे वाद्यवृंद होता, पण तो मागेच. आणि माईक?

मी : मंडपवाल्याचा असेल. दरवर्षी तोच असतो.

मामा : (ताठ बसून) मंडपवाल्याचा? इकोसकट?

मी : बहुतेक. त्याशिवाय मुलांना मजा येत नाही.

मामा : मग या गाण्याची माती होईल. इको बंद म्हणजे बंद. माईक स्टँडवर नको, तिच्या हातात दे, हनुवटीशी, थोडा खालून तिरका, म्हणजे श्वास वरून निघून जाईल. ध्रुवपदाला जवळ, बाकी बोटभर मागे. आवाज वाढवायचा झाला तर तिनं नाही, मिक्सरवर बसलेल्यानं वाढवायचा. तिला सांग, लोकांकडे बघू नकोस. कोणीतरी एक निवड.

मी : आणि सूर उतरला तर? तो कोण वाढवणार?

मामा : सूर तुझं खातं. रोज तंबोऱ्यावर बसव तिला आणि हळू लावायला शिकव. गॅदरिंग कधी आहे?

मी : पुढच्या शुक्रवारी.

मामा : मंडपवाल्याचा नंबर दे.